नदीच्या पात्रात उतरताना विमान उलटलं : काय झालं ते जसंच्या तसं

शेपटीचाक

तीन आठवडे झाले. बेल्टने खांद्यावर उठलेला वळ निळ्याचा पिवळा झालाय आणि रात्री झोप लागायला लागली आहे, म्हणून आता लिहायला बसलोय. इथे उडणारे चार-पाच जण आहेत हे मला माहीत आहे. जे चुकलं ते माझ्या एकट्याच्या डोक्यात राहू नये असं वाटतं.

विमान माझं स्वतःचं. दोन सीटचं, एकामागे एक बसायचं, पंख वर, मागे शेपटीला छोटं चाक, पुढे ३१ इंची फुगीर, कमी हवेचे टायर. धावपट्टी नाही तिथे उतरण्यासाठीच असं विमान घेतात. मागच्या सीटवर माझा मित्र होता. जागा वस्तीपासून बरीच आत, नदीच्या पात्रातला गोट्यांचा एक लांबट पट्टा. दोन वर्षांपूर्वी मी तिथे एकदा उतरलो होतो, एकटा, काहीही त्रास न होता.

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. वरून एक फेरी मारली. ६० नॉटने (ताशी साधारण ११० किमी) जाताना सेकंदाला साधारण १०० फूट सरकतात, हा आमचा नेहमीचा हिशोब. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं तर दहा सेकंद भरले. म्हणजे ३०० मीटर. मला थांबायला १५० खूप झाले. वारा बेताचा होता आणि नदी जिकडे वाहते तिकडून येत होता, म्हणून वारा समोर घेऊन प्रवाहाच्या दिशेने उतरायचं ठरवलं. नव्या जागी मी आधी एकदा खालून जातो, चाकं जमिनीला नुसती टेकवत पट्टाभर पळवतो आणि पुन्हा उठतो. त्या दिवशी ते केलं नाही. जागा मला नवी वाटतच नव्हती.

पट्टा सुरू झाल्यावर पन्नासेक मीटरवर टेकलो. टायरखाली गोट्यांचा खडखडाट, सगळं विमान थरथरतंय, आणि मी निवांत. पुढे भरपूर लांबी आहे म्हणून ब्रेकला पाय लावला नाही, पळू दिलं. मग तो खडखडाट एकदम थांबला. मला आजही सगळ्यात आधी तेच आठवतं, आवाज बंद होणं. पुढच्या क्षणी चाकं कुणीतरी खालून धरून ठेवल्यासारखी झाली. स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा) पोटाशी ओढलेली होती, पण मी दचकून थ्रॉटल (इंजिनची ताकद कमी-जास्त करायची कळ) बंद केला आणि पाय आपोआप ब्रेकवर गेले. शेपटी उठली, प्रोपेलर वाळूत घुसला, काचेवर वाळू आली आणि आम्ही उलटे झालो. वेग तेव्हा १५ नॉटही नसेल. इतकं सावकाश झालं की उलटतोय हे मला उलटताना कळत होतं.

बेल्टवर लटकलेलो. इंजिन गार होतानाचा टिकटिक आवाज, पंखातल्या टाकीच्या झाकणातून पेट्रोल टपकतंय, त्याचा वास. मेन स्विच बंद करायला हात नेला तर तो चुकीच्या बाजूला गेला, कारण सगळं उलटं. दोनदा चाचपडून सापडला. तेवढ्यात मागे धप्प झालं. मित्राने बेल्ट सोडला होता आणि तो सरळ डोक्यावर पडला होता. मान दुखावली. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे कॉलर आहे. विमान उलटं झालं तर बेल्ट कसा सोडायचा, हे मी त्याला निघण्यापूर्वी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

बाकी थोडक्यात. विमानाचा आपत्कालीन बीकन (अपघात झाला की मदतीसाठी रेडिओ संदेश पाठवणारं यंत्र) चालू झाला होता, पण त्याची अँटेना पाठीवर असते आणि पाठ वाळूत होती. माझ्या जॅकेटच्या खिशातल्या छोट्या बीकनचं बटण दाबलं. चार तासांनी हेलिकॉप्टर आलं.

विचारा काय विचारायचं ते.


खिडकीशेजारी

दोघेही सुखरूप आहात हे वाचून हायसं वाटलं. मी फक्त प्रवासी म्हणून विमानात बसतो, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक आहे. गाडी वाळूत रुतली तर रुतून थांबते. विमान इतक्या कमी वेगात कोलांटी कसं खातं? आणि इंजिन बंद पडलं नव्हतं ना? मग तिथे उतरायचं कारण काय?


शेपटीचाक

इंजिन उत्तम चालू होतं. उतरायचं होतं म्हणून उतरलो. नदीकाठी रात्र काढायची आणि सकाळी परतायचं, एवढंच कारण. म्हणून तर जास्त लागतंय.

उलटण्याचं असं आहे. या विमानाचं वजन पुढच्या दोन चाकांच्या किंचित मागे आणि बरंच वर असतं. चाकं जमिनीशी अडली की वरचं वजन पुढे जाऊ पाहतं. शेपटी खाली दाबून धरायचं काम मागच्या एलिव्हेटरचं, म्हणजे शेपटीवरच्या हलत्या आडव्या भागाचं, आणि त्याच्यावरून वारा वाहत असेल तरच ते होतं. वेग गेला की तिथे वारा फक्त प्रोपेलरचा. मी थ्रॉटल बंद केला तेव्हा तोही वारा गेला, आणि वर ब्रेक लावून चाकं आणखी अडवली. मऊ जमिनीत स्टिक पोटाशी, थोडी पॉवर ठेवायची आणि ब्रेकपासून पाय लांब, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे.


जलरेषा

मला विमानातलं काही कळत नाही. नद्यांचा गाळ हा माझा अभ्यासाचा विषय आहे, आणि "खडखडाट एकदम थांबला" हे वाक्य वाचून मी थांबले.

पात्रातला असा पट्टा एकसारखा नसतोच. पुराचं पाणी पट्ट्याच्या वरच्या टोकाला आदळतं तेव्हा त्याला जोर असतो. हलकं सगळं ते पुढे घेऊन जातं आणि तिथे मोठे गोटे उरतात. पट्ट्यावरून पसरत खाली येता येता जोर ओसरतो, तशी आधी रेव बसते, मग जाड वाळू, आणि खालच्या टोकाला, जिथे पाणी जवळजवळ थांबतं, तिथे बारीक वाळू आणि गाळ. झुडपांच्या आडोशालाही बारीक वाळू साठते. म्हणजे तुम्ही प्रवाहाच्या दिशेने उतरलात तेव्हा टणक भागाकडून मऊ भागाकडे पळत होतात. तुमचे ३०० मीटर ही पट्ट्याची लांबी होती. त्यातला चाकं पेलणारा भाग किती, हा वेगळा आकडा.

दुसरं म्हणजे, दोन वर्षांपूर्वीचा तो पट्टा आता नाही. एका मोठ्या पुरात वरचं टोक झिजतं, खालचं वाढतं, कधी पट्टा अख्खाच सरकतो. नदी तीच आणि वळण तेच असलं तरी जमीन दुसरी.

वरून पाहताना रंग आठवतो का? खालचं टोक गडद होतं की फिकट?


शेपटीचाक

जलरेषाताई, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. वीस वर्षं उडतोय आणि गोटे वरच्या टोकाला, वाळू खालच्या टोकाला हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नाही. रंग आठवत नाही. खरं सांगायचं तर मी लांबी पाहिली आणि वारा पाहिला. जमीन पाहिलीच नाही.


ऊर्ध्ववारा

मी ग्लायडर उडवतो. आम्हाला इंजिन नाही, त्यामुळे शेतात उतरणं हा आमच्या खेळाचाच भाग. शिकतानाच डोक्यात बसवतात : आकार, लांबी, उतार, जमिनीचा पोत, आजूबाजूच्या तारा आणि झाडं, गुरंढोरं. आणि एक उंची ठरलेली, साधारण १००० फूट. तिथे आलात की शेत निवडून झालेलं असलं पाहिजे. त्याच्या खाली मन बदलायचं नाही.

इंजिनवाल्या मित्रांचं मी पाहिलंय, पुन्हा उठता येतं म्हणून निर्णय पुढे पुढे ढकलला जातो, आणि टेकल्यावर "आता थांबेलच" असं होतं. शेपटीचाक, टेकलात तेव्हा खडखडाट चालू असताना पुन्हा उठायला जागा होती. तेव्हा उठायचा विचार आला होता का?

अजून एक. सेकंद मोजायचे तर दोन्ही दिशांनी मोजायला हवेत. समोरून वारा असेल तर जमिनीवरचा वेग कमी असतो, त्यामुळे दहा सेकंदांत तुम्ही ३०० मीटर कापलेच नाहीत. मागून वारा असेल तर उलट. एकाच फेरीत मोजून आकडा पक्का धरू नये.

तरीही वारा समोर घेतलात ते योग्यच होतं. हवेतला वेग ४० नॉट धरा. समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवर ३०, मागून असेल तर ५०. जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ९०० विरुद्ध २५००, जवळजवळ पावणेतीन पट. म्हणून मऊ टोकाचं कळल्यावर "मग उलट दिशेने उतरायला हवं होतं" असा निष्कर्ष कुणी काढू नये. तसं केलं असतं तर सगळ्यात जास्त वेगात चाकं वाळूत टेकली असती.


शेपटीचाक

उठायचा विचार आला नव्हता. चाकं टेकली तेव्हा माझ्या मनाने उतरणं संपलेलं होतं.


निरभ्र

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एकटे असतात तर तुमची मर्जी. मागे माणूस बसला होता. ज्या जागेवर दोन वर्षांत पाय ठेवला नाही तिथे प्रवासी घेऊन उतरलात, चाकं टेकवून पाहिलं नाही, बेल्टचं सांगितलं नाही. यातली एकही गोष्ट नदीने केलेली नाही. त्याच्या मानेचं हाड मोडलं असतं तर हा धागा कोणत्या सुरात लिहिला असता?


शेपटीचाक

राग नाही. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. पहिलं उतरणं एकट्याने, सामानही न घेता, मग जमीन पायी चालून बघायची आणि मगच कुणाला आणायचं, असं माझ्या ओळखीचे दोघंतिघं करतात. मी त्यांना फार जपून वागणारे समजत होतो.


खिडकीशेजारी

निरभ्र यांचं म्हणणं बरोबर आहे, पण इतकं उघडपणे लिहिणाऱ्याला आपण बोलतं ठेवलं पाहिजे असंही वाटतं. असे लोक गप्प झाले तर माझ्यासारख्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला कुणीच काही सांगणार नाही. बेल्ट सोडायची नीट पद्धत कुणी लिहील का?


सांधेजोड

मी हाडांचा डॉक्टर आहे. उलटलेल्या गाड्यांतून आलेले रुग्ण पाहिले आहेत, तिथेही हेच होतं. अपघातात माणूस धड राहतो आणि बेल्ट सोडताना मानेवर पडतो.

आधी एक श्वास घ्या आणि खाली काय आहे ते बघा. छत आता जमीन आहे. एक हात पूर्ण ताणून छतावर घट्ट रोवा, पाय जिथे टेकतील तिथे टेकवा, हनुवटी छातीला लावा, आणि मग दुसऱ्या हाताने बेल्ट सोडा. वजन हातावर आणि खांद्याच्या मागच्या भागावर यायला हवं, टाळूवर नाही. एका वेळी एकानेच. जो आधी बाहेर आला त्याने दुसऱ्याला खांद्याखाली आधार द्यावा. हेडसेटची वायर आधी काढा, ती गळ्याशी अडकते.

मान आधीच दुखत असेल किंवा हातपाय बधिर वाटत असतील तर आग नसताना घाई करू नये. पण पेट्रोल टपकतंय आणि वास येतोय, तर बाहेर पडणंच आधी.

निघण्यापूर्वी जमिनीवर, डोळे मिटून, बेल्टचं बकल आणि दाराची कडी हाताने शोधून पाहायला सांगा. एक मिनिटही लागत नाही. उलटं झाल्यावर डोळे दिशा चुकवतात, शेपटीचाक यांच्या स्विचचं तेच झालं.


पाना_पक्कड

इंजिनचं काम करतो म्हणून तेवढंच लिहितो. विमान जागेवरून हलवण्याआधी तपास यंत्रणेची परवानगी घेतली असेलच. माणूस काढण्यासाठी किंवा आणखी नुकसान टाळण्यासाठी सोडून बाकी काही हलवायचं नसतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. सरळ करून मोकळे होतात आणि मग प्रश्न येतात.

चालू इंजिनात प्रोपेलर वाळूत घुसला, म्हणजे इंजिन उघडावंच लागणार. वाळू मऊ होती, इंजिन आयडलवर (अगदी मंद) होतं, पातं फक्त वाकलं, यातलं काहीही मोजायचं नाही. तो धक्का क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या इंजिनमधल्या दांड्यापर्यंत जातो. मागे क्रँकशाफ्टचा गिअर आणि तो धरून ठेवणारा बोल्ट असतो. तिथली बारीक चीर बाहेरून दिसत नाही आणि पन्नास-शंभर तासांनी हवेत तुटते. लायकोमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीची प्रोपेलर आपटल्यानंतरच्या तपासणीची वेगळी सक्तीची सूचना आहे, क्रमांक ५३३. नवीन प्रोपेलर लावून जागेवरून उडवून आणलेली विमानं मी पाहिली आहेत. ज्याने केलं त्याने करू नये असंच सांगेन.

बॅटरीची वायर त्याच दिवशी काढली होती ना? उलट्या विमानात पेट्रोल आणि बॅटरीचं आम्ल दोन्ही गळतं.


शेपटीचाक

बॅटरी अर्ध्या तासात काढली. परवानगी घेऊनच हलवलं, हेलिकॉप्टरखाली टांगून आणलं. इंजिन उघडायला दिलंय.


उत्तरवाट

बीकनबद्दल थोडं, कारण "अँटेना वाळूत होती" हे एकाच विमानाचं दुखणं नाही.

१६ ऑक्टोबर १९७२ ला अलास्कात अँकरेजहून जुनोला निघालेलं सेस्ना ३१० बेपत्ता झालं. त्यात अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच होते. ३९ दिवस शोध चालला. विमान आजतागायत सापडलेलं नाही. विमानात बीकन असलाच पाहिजे या आग्रहाला त्या घटनेने आणखी जोर आला.

त्याच्याही आधी, फेब्रुवारी १९६३ मध्ये, कॅनडात युकॉनच्या हद्दीजवळच्या जंगलात एक छोटं विमान पडलं. राल्फ फ्लोरेस आणि हेलन क्लेबन ही दोघं ४९ दिवस कडाक्याच्या थंडीत तगून राहिली. खायचं जवळजवळ काही नव्हतं. बर्फात पायाने उमटवलेली मदतीची मोठी अक्षरं एका वैमानिकाला वरून दिसली.

आता तंत्राचं. जुने बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसता आवाज पाठवायचे. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह तो आवाज ऐकत नाहीत. आजचे ४०६ मेगाहर्ट्झवर बीकनचा स्वतःचा क्रमांक पाठवतात, आणि जीपीएस जोडलेला असेल तर शंभरेक मीटरपर्यंत जागाही. पण त्या क्रमांकासमोर तुमचं नाव आणि घरच्यांचा फोन नोंदलेला असेल तरच शोधणारे लगेच फोन लावून खात्री करू शकतात. नोंदणी फुकट असते आणि राहून जाते. फोन बदलला की तिथेही बदला.

आणि उलटण्याच्या अपघातात पाठीवरची अँटेना मोडते किंवा गाडली जाते. म्हणून दुसरा बीकन अंगावर हवा. बॅगेत ठेवला तर विमान पेटल्यावर बॅग आणायला कुणी आत जाणार नाही.


जलरेषा

त्या जागेचे फोटो आहेत का? तुम्ही काढलेले, तपास करणाऱ्यांचे, कुठलेही.


शेपटीचाक

परवा स्वतः जाऊन आलो. दुसऱ्या एका मित्राच्या हेलिकॉप्टरमधून, आणि उतरून पायी चाललो. टेप घेऊन गेलो होतो.

वरच्या टोकाला नारळाएवढे गोटे. त्यावर टायरची खूण जवळजवळ नाहीच, एखादा दगड उलटा झालेला, खालची बाजू वर आलेली. तिथून रेव. सुरुवातीपासून १७० मीटरवर रेव संपते, अगदी रेघ मारल्यासारखी, आणि पुढे बारीक वाळू. वर वाळलेला पातळ पापुद्रा आहे, त्यावर पाय ठेवला की आधी तो पेलतो आणि मग घोट्यापर्यंत पाय आत जातो. चाकांच्या दोन चऱ्या तिथे सुरू होतात. आधी बोटभर, मग वीतभर खोल. ३१ मीटर, आणि मग प्रोपेलरचा खड्डा.

म्हणजे १७० मधले पहिले ५० मी वरच्यावर सोडून दिले होते. उरले १२०. ब्रेक न लावता मला ते पुरणारच नव्हते. ३०० च्या भरवशावर मी ते पळत घालवले.

ताई, फोटो टाकतोय. सकाळच्या तिरप्या उन्हात काढले आहेत. त्यात रेव आणि वाळूची सीमा लहान मुलालाही दिसेल.


जलरेषा

पाहिले. पापुद्रा म्हणजे पूर ओसरताना शेवटी बसलेला गाळ. वरून तो सपाट, गुळगुळीत आणि छान दिसतो, गोट्यांपेक्षा कितीतरी चांगला. उतरायला जागा शोधणाऱ्याची नजर बहुधा तिथेच जाईल. जे खडबडीत दिसतं तेच वजन पेलतं, हे तुमच्या लोकांना फोटोसकट दाखवा.


मागची_सीट

या धाग्यासाठीच सदस्यत्व घेतलं. मागे बसलेला तो मी.

निरभ्र यांनी माझ्या बाजूने लिहिलं, आभार. पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती मलाच सांगावी लागेल. त्या संध्याकाळी फेरी मारताना तो म्हणाला होता, अजून एक चक्कर मारून चाकं टेकवून पाहू का. मी म्हणालो, अरे उजेड जाईल, उतर ना. त्याने हे इथे लिहिलेलं नाही. विसरला नसणार.

दुसरं, मला रंग दिसला होता. मी उजव्या बाजूने खाली बघत होतो आणि पट्ट्याचं पुढचं टोक वेगळं दिसत होतं, राखाडी, मधूनमधून ओल असल्यासारखं. बोललो नाही, कारण मला वाटलं त्याला दिसतंच आहे, आपण काय सांगणार. पुढे बसलेल्या माणसाचं डोकं आणि पंखाचा दांडा यांच्या आड किती लपतं हे मला जमिनीवर त्याच्या सीटवर बसल्यावर कळलं.


शेपटीचाक

तू "उतर ना" म्हणालास हे खरं आहे. पण स्टिक माझ्या हातात होती, म्हणून लिहिलं नाही. रंगाचं मात्र मला आज कळतंय.


मागची_सीट

म्हणून तर लिहिलं. कॉलर सोमवारी निघतेय. मान डावीकडे पूर्ण वळते, उजवीकडे अजून नाही. इंजिन उघडतील तेव्हा मलाही बोलाव, क्रँकशाफ्ट बघायचाय.